निळ्या पट्टीखाली तीन बोटं

१

कैलासची नवी विजेवरची गाडी भाजे गावात आली तेव्हा जो तो तिच्या रंगावर बोलला, आवाज न करता ती अंगावर कशी येते यावर बोलला, आणि एका चार्जिंगात पुण्याच्या किती खेपा होतील यावर डेअरीसमोर दोन दिवस वाद चालला. कैलास मात्र तिच्या दिव्यांकडे बघत बसला होता. पहिल्याच संध्याकाळी कार्ला फाट्यावरून घरी येताना समोरच्या तिघांनी त्याला दिवे मारून दाखवले होते. याचा तर खालचाच दिवा चालू होता. म्हणजे दिवे उंच बसले होते.

दुसरा कुणी असता तर गाडी शोरूमला घेऊन गेला असता. पण कैलास नवलाख उंबऱ्याकडच्या एका मोटारींच्या कारखान्यात चौदा वर्षं शेवटच्या तपासणीत उभा होता, आणि त्याचं काम एकच, हेडलाइटची दिशा बसवायची. दिवसाला दोनशे गाड्यांची नजर सरळ करणारा माणूस स्वतःच्या गाडीची तिरकी नजर दुसऱ्याला दाखवायला जाईल कशाला?

त्यानं रविवार त्यातच घालवला. जुन्या गोठ्याची भिंत पांढरी होती. गुरं जाऊन पाच वर्षं झाली होती, आता आत सरपण आणि आबांची खाट होती. कैलासनं गवंड्याकडून पाण्याची नळी मागून आणली, अंगण कुठं उतरतंय ते पाहिलं, डाव्या चाकाखाली दोन पाट्या मुरूम टाकून चोपला. चाकांची हवा बघितली. भिंतीपासून पंचवीस फूट मोजून गाडी उभी केली आणि दिव्याच्या मध्याच्या उंचीपेक्षा जरा खाली, भिंतीवर एक निळी चिकटपट्टी आडवी लावली. उजेडाची वरची कड त्या पट्टीवर यायला हवी होती.

मग त्यानं एक गोष्ट केली, जी कारखान्यात कुणी केली नसती. त्यानं वडलांना हाक मारली.

“आबा, मागं बसा जरा.”

“कुटं जायचंय?”

“कुटं न्हाई. नुसतं बसायचं.”

“बसतो की. पन अर्धा कप च्या देशील तर.”

“पाव कप,” सारिका आतून म्हणाली. ती कैलासची बायको, आणि आबांच्या पाण्याचा सगळा हिशेब तिच्याच हातात होता.

आबा मागच्या सीटवर बसले तशी भिंतीवरची उजेडाची कड तीन बोटं वर चढली. मागं वजन आलं की गाडीचं नाक उचलतं, हे कैलासला झोपेतही ठाऊक होतं. त्यानं बॉनेट उघडून स्क्रू फिरवला आणि कड बरोबर निळ्या पट्टीवर आणून ठेवली. आबा उतरले, कड तीन बोटं खाली आली. तो खूश झाला. गाडी घेतली होती आबांसाठी, ती आबांच्या वजनावरच बसवायला हवी.

“आता बरोबर,” तो म्हणाला. “तुमी मागं असलात की बरोबर, नसलात की जरा खाली. कुनाच्या डोळ्यात तर जायची न्हाई.”

“त्येच हवं,” आबा म्हणाले. “समोरच्याला दिसलं पायजेल. आपल्याला काय, रस्ता पाठ हाय.”

२

आबा म्हणजे कोंडाजी, वय एकाहत्तर. बावीस वर्षं त्यांनी लोणावळा ते पवनानगर वडाप जीपवर क्लीनरकी केली होती, तीही आत बसून नव्हे, मागच्या पायरीवर उभं राहून. माणसं कोंबायची, स्वतः लोंबकळायचं आणि पत्र्यावर हात मारायचा. एकदा वाजवलं की थांब. दोनदा वाजवलं की चल. एवढीच त्यांची भाषा, आणि ती त्यांच्या हातात इतकी मुरली होती की घरात जेवण झालं तरी ते पाटावर दोनदा ठकठक करून उठायचे.

दोन वर्षांपूर्वी मूत्रपिंडं गेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार लोणावळ्याच्या दवाखान्यात डायलिसिस. जाताना चोपन्न किलो, येताना बावन्न. मधल्या दिवसांत मोजून पाणी. तहानेनं माणूस चिडका होतो. आबा सारिकाशी पाण्यासाठी भांडायचे, नात प्रेरणा बारावीचा अभ्यास करत बसलेली असायची तिला लाडीगोडी लावायचे, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून बर्फाचा खडा चोखायचे. घरातले वैतागत, पण त्या भांडणातच घराला कळत असे की आबा ठीक आहेत.

या गाडीनं आबांची मोठी पंचाईत केली. इंजिनाचा आवाज नाही, तर गाडी निघाली की उभी आहे हे समजायचं कसं? म्हणून त्यांनी जुनी सवय पुन्हा लावली. दार लावून नीट बसलं की कैलासच्या डोक्यामागं सीटवर बोटांनी दोनदा वाजवायचं, ठक ठक. तोवर कैलासनं गाडी हलवायची नाही.

“आबा, मला आरसा हाय की.”

“आरसा तुला. मला काय हाय?”

कैलास हसायचा आणि थांबायचा.

३

पुढच्या सोमवारी परतताना धुकं उतरलं होतं. पाऊस सरत आला की त्या रस्त्याला असं होतं. संध्याकाळचे पाचच वाजले होते, पण लोणावळा सोडल्यापासून दिवे लावूनच चालावं लागत होतं आणि बॉनेटच्या पुढं फार तर चार हात रस्ता दिसत होता.

वाकसई मागं पडल्यावर आबा म्हणाले, “बाजूला घे रं. मळमळतंय.”

डायलिसिसनंतर त्यांना व्हायचं असं. कैलासनं एका चिंचेच्या झाडाखाली गाडी थांबवली. आबांनी टोपी सारखी करून घोंगडी अंगावर ओढली. आबा उतरले. तेवढ्यात फोन वाजला. कारखान्यातला प्रदीपसाहेब होता. उद्या माणूस कमी आहे, पहिल्या पाळीला ये, नाही म्हणू नकोस. कैलासनं रजा टाकली होती. आवाज चढला. मागून आबांच्या खोकण्याचा आवाज येत होता.

“आटपा लवकर, आबा,” तो मागं न बघता ओरडला. “रोजचंच झालंय तुमचं.”

असं तो कधी बोलत नसे. बोलल्यावर त्याचं त्यालाच लागलं, पण फोन कानाला होता आणि प्रदीपसाहेब थांबत नव्हता.

मागचं दार उघडलं, मानेवर गार हवा आली. दार लागलं. आरशात पांढरी टोपी दिसली. कैलासनं गाडी काढली.

थोडं पुढं गेल्यावर मागच्या काचेवर एकदाच टक् असं काहीतरी वाजलं. खडा उडाला असेल, असं त्याला वाटलं. प्रदीपसाहेब अजून बोलत होता.

४

अंगणात गाडी नेहमीच्या मुरमावर आली आणि कैलासचे डोळे सवयीनं भिंतीवर गेले. उजेडाची कड निळ्या पट्टीच्या तीन बोटं खाली होती.

त्यानं आरशात पाहिलं. आबा मागं बसले होते, हात मांडीवर, नजर बाहेर.

“आबा, बसलाय ना नीट?”

“व्हय.”

तो उतरला. चाकाखालचा मुरूम पाहिला, तो जागच्या जागी होता. चाकांना लाथ मारून पाहिली. मग पुन्हा भिंतीकडे बघितलं. सोमवारी आबा दोन किलोंनी हलके होऊन येतात हे खरं, पण दोन किलोंनी केसभर फरक पडतो. तीन बोटं म्हणजे अख्खा माणूस. भिंत सांगत होती की मागची सीट रिकामी आहे.

त्यानं दार उघडून आबांना हात दिला. हात गार होता, पण डायलिसिसनंतर तो गारच असतो. ते उतरले. कैलासनं मुद्दाम भिंतीकडे पाहिलं. कड होती तिथंच राहिली, जरासुद्धा हलली नाही.

स्प्रिंग अडकली असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. नव्या गाडीला होतं कधी कधी. स्वतःच्या धंद्यातली कारणं माणसाला लवकर सुचतात.

५

रात्री जेवताना प्रेरणा म्हणाली, “पप्पा, आबांनी आज पाणी मागितलंच नाही.”

“शहाणे झाले,” सारिका म्हणाली. तिच्या आवाजात मोकळं वाटल्याचं स्पष्ट कळत होतं. “संध्याकाळचं भांडं भरलेलं तसंच हाय. एक शब्द न्हाई बोलले.”

आबा समोर बसून भात खात होते. कैलासला ते गोड दिसले, अगदी फोटोत दिसावेत तसे. ते जेवून उठले. पाटावर हात वाजला नाही.

मंगळवारी सकाळी सहाला, पावसाळी अंधार होता तोवर, कैलासनं गाडी भिंतीसमोर लावून दिवे सुरू केले. सारिकाला हाक मारली.

“मागं बस.”

“हे काय खूळ?” म्हणत ती बसली. कड सरसर वर चढली, पट्टीच्याही वर गेली. म्हणजे स्प्रिंग ठणठणीत होती.

“उतर. आबा, तुमी बसा.”

आबांनी कुठं जायचं ते विचारलं नाही, चहाही मागितला नाही. मुकाट आले, बसले, दार लावलं. कैलास भिंतीजवळ जाऊन बसला, नाक भिंतीला लागेल इतका जवळ. उजेडाची कड पट्टीखाली तीन बोटं होती आणि तशीच राहिली. त्यानं पट्टी आणि कड यांच्यामध्ये स्वतःची तीन बोटं ठेवून पाहिली. चोख बसली.

“काय झालं वो?” सारिकानं विचारलं.

“काय न्हाई. लेव्हल बघतोय.”

याला खोटं म्हणता येणार नाही, पण भिंतीवरची तीन बोटं त्यानं अजून काढली नव्हती.

६

दिवसभर कारखान्यात त्याच्यासमोरून गाड्या जात राहिल्या. पडद्यावर उजेडाची कड यायची, तो स्क्रू फिरवायचा, गाडी पुढं जायची. हात काम करत होते आणि डोकं चिंचेखाली उभं होतं.

त्यानं सगळं परत आठवून पाहिलं. आबा उतरले. खोकले. दार उघडलं, दार लागलं. टोपी दिसली. आणि मग? मग सीटवर ठक ठक झालंच नव्हतं. फोनच्या नादात तो दोन टकटकींची वाट न बघता निघाला होता. त्यानंतर मागच्या काचेवर वाजलं ते एकदाच वाजलं होतं. बाहेरून.

एकदा म्हणजे थांब.

कैलासच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. शेजारच्यानं उचलून दिला, “बरं न्हाई का?” असं विचारलं. कैलासनं मान हलवली. मी आबांना रस्त्यावर सोडून आलो का? हा प्रश्न त्याला इतका वेडगळ वाटला की त्याला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. आबा घरी आहेत. सकाळी मी त्यांना बघितलंय. भात खाल्ला त्यांनी. पण मग भिंत? चौदा वर्षं तो हेच शिकला होता की माणसाचा अंदाज चुकतो, मालक चुकतो, साहेब चुकतो. भिंतीवरची कड कधी चुकत नाही.

उद्या बुधवार. दवाखान्यात अमृता सिस्टर आबांना काट्यावर उभं करेल तेव्हा काय ते कळेलच. पण ते चार लोकांत कळावं, काट्यावर शून्य यावं, हे त्याला सहन होणार नव्हतं. आणि त्याहून वाईट विचार दुसराच होता. आबा खरंच तिथं असतील, तर उद्याची डायलिसिसची पाळी चुकेल. पाळी चुकली की त्यांच्या अंगात पाणी चढतं, श्वास लागतो. एक पाळी कशीबशी निघते. दुसरी निघत नाही.

कारखाना सुटल्यावर तो घरी जाऊन गाडी घेऊन निघाला. सारिकाला म्हणाला, चार्जिंगचं जरा बघून येतो.

सहाच्या सुमाराला चिंचेखाली पोचला. धुकं कालच्यासारखंच होतं, आणि दिवसभराच्या पावसाची भुरभुर अजून चालू होती. रस्त्याच्या कडेला कुणी नव्हतं, असायला नकोच होतं. ओल्या गवतावर एका जागी गवत दबलं होतं, पण तिथं कुत्रंही बसलेलं असू शकतं. तो दोनदा “आबा” म्हणाला, पहिल्यांदा हळू, दुसऱ्यांदा मोठ्यानं. एक ट्रक गेला आणि पुन्हा शांत झालं.

त्याला स्वतःची लाज वाटली. तरी त्यानं मागचं दार उघडलं आणि दार धरून पावसात उभा राहिला, पाहुण्यासाठी उभं राहावं तसा.

“आबा, चुकलो मी,” तो म्हणाला. “चला घरी.”

किती वेळ गेला त्याला कळलं नाही. मग त्यानं दार हळूच लावलं, पुढं येऊन बसला आणि या वेळी गाडी काढली नाही. हात मांडीवर ठेवून थांबला.

ठक. ठक.

चिंचेवरून थेंब गळत होते. ते टपावर पडले असतील. टपावरचा आवाज आणि सीटवरचा आवाज यातला फरक बंद गाडीत कुणाला सांगता येतो? कैलासनं आरसा वर छताकडे वळवला आणि गाडी काढली. घरापर्यंत समोरून पाच-सहा गाड्या आल्या. एकानंही दिवे मारून दाखवले नाहीत.

७

अंगणात गाडी मुरमावर चढली, थांबली. कैलासनं लगेच वर बघितलं नाही. आधी डावीकडे ओटा पाहिला, घराचं उघडं दार पाहिलं, आतून येणारा कुकरच्या शिट्टीचा आवाज ऐकला. मग भिंतीकडे पाहिलं.

उजेडाची कड निळ्या पट्टीवर होती. वर नाही, खाली नाही. रविवारी त्यानं बसवली होती अगदी तशी.

त्याला आधी जे वाटलं ती भीती नव्हतीच. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं त्याला, अंग सैल पडलं, तोंडातून “आलात” असा शब्दही निघाला. मागं वळायचं मात्र त्याला जमलं नाही. मानेवर तो गारवा होता, आणि ओल्या घोंगडीचा वास.

गोठ्याच्या दाराशी कुणीतरी उभं होतं. खालच्या दिव्याचा उजेड मांडीपर्यंतच जातो, त्यासाठीच तर तो बसवलेला असतो. त्यामुळे कैलासला फक्त दोन पाय दिसले, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, आबांचाच. कमरेच्या वर अंधार होता.

“कैलास,” अंधारातून आबांचा आवाज आला. “आलास व्हय?”

“व्हय.”

“मागं कोन हाय रं?”

कैलासचा हात आरशाकडे गेला आणि अर्ध्यातूनच मागं आला.

“कुनाला आनलंस?”

“कोण आलंय?” स्वयंपाकघरातून सारिकानं विचारलं. “अवो, आबांना आत घ्या, बाहेर गार हाय.”

पाय गोठ्याची पायरी उतरले आणि अंगणात आले. दिवसभर पाऊस पडून अंगणाचा नुसता रबडा झाला होता. सकाळी सारिका आली-गेली तिच्या चपलांचे खड्डे उजेडात ओळीनं दिसत होते, पाण्यानं भरलेले. पाय त्या चिखलावरून हळूहळू गाडीकडे येत होते. ते उचलले जात, पुढं टेकत, पुन्हा उचलले जात, आणि मागं चिखल जसाच्या तसा राही, साय धरलेल्या दुधासारखा गुळगुळीत.

उजेडातून ते बाजूला गेले. आता ते दिसत नव्हते. ते मागच्या दाराकडे गेले होते.

“दार उघड,” आबांचा आवाज काचेला लागून आला, शांत, समजूतदार. “बघू दे तरी.”

कैलासचा हात दाराच्या बटणाकडे गेला. चाळीस वर्षांची सवय होती ती, या आवाजानं सांगावं आणि त्यानं ऐकावं.

त्याच्या डोक्यामागं, सीटवर, बोटाचं एक पेर वाजलं. एकदाच.

कैलासनं कुलपाचं बटण दाबलं, चारी दारं एकदम कुलूपबंद झाली. बाहेरून कडी ओढल्याचा आवाज आला. मग पुन्हा ओढल्याचा, जरा जोरात. कैलासनं बटणावरचं बोट काढलं नाही. तो भिंतीवरच्या निळ्या पट्टीकडे बघत, श्वास धरून बसून राहिला.

या खेपेला तो थांबला.